घरचं हुमण आणि बाहेरचं टेबल

गोव्यात कुणी महागड्या रेस्टॉरंटात जेवून आलं की दुसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येतं : "सगळं बरं होतं, पण हुमण आपलं घरचंच." (हुमण म्हणजे माशाची कडी.) वाक्य खरं असतं. फक्त त्यात दोष स्वयंपाक्याचा थोडा आणि मागवणाऱ्याचा जास्त. रोज दुपारी घरी शीत-कडी, म्हणजे भात आणि हीच कडी, जेवणाऱ्याने पणजीत माणशी दीड-दोन हजार मोजून पुन्हा शीत-कडीच मागवली, तर तुलना आईच्या हाताशी होणार. त्या सामन्यात कुठलाही शेफ हरतो.

तो का हरतो, याचं कारण चुलीजवळ उभं राहिलं की कळतं. घरी ओलं खोबरं, मिरची, धणे, हळद मऊ वाटून कडी उकळत ठेवतात, बांगडा किंवा तारले असतील तर तेफळं (तिरफळं) ठेचून टाकतात, मग मासा आणि शेवटी सोलं (आमसुलं). मासा डोक्यासकट, काट्यांसकट पडतो आणि पातेलं उतरवल्यावरही जेवणाची पानं वाढेपर्यंत कडीतच राहतो. काटे आणि डोकं यांचाच अर्क रसात उतरतो. कालची कडी आटवून सकाळी पोळीबरोबर खाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. (गोव्यातली पोळी म्हणजे पोदेराची, पाववाल्याची, कोंडा लावलेली. घाटावरच्या वाचकाने चपाती समजू नये.) रेस्टॉरंटात कडीचा रस सकाळी दहा-बारा लिटर तयार करून ठेवतात. ऑर्डर आली की त्यातले दोन डाव छोट्या कढईत घेऊन बिनकाट्याचे तुकडे पाच मिनिटं शिजवतात. रस वेगळा, मासा वेगळा, दोघांची नीट ओळख व्हायच्या आत ताटली टेबलावर. हा आळस नव्हे. रात्रीत साठ-सत्तर माणसं जेवतात तिथे दुसरा मार्गच नसतो.

मग बाहेर मागवावं ते घरी जमत नाही ते. घरच्या तव्यावर दीड किलोचा अख्खा तामसो मासा मावत नाही. घरच्या गॅसवर निखाऱ्याची धग नाही, तंदूर नाही. घरी कालवं उघडायला बसायचा उत्साह पहिल्या डझनानंतर संपतो. बिबिंका या गोड पदार्थाचा एकेक थर भाजत तीन-चार तास थांबणारं माणूस आता फार थोड्या घरांत उरलंय. एवढं डोक्यात ठेवून मेनू उघडला की निम्मी पानं आपोआप गळतात.

मेनूच्या आधी मात्र कॅलेंडर. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मेनूवरची इसवण (सुरमई) बहुधा शीतगृहातून आलेली असते. गोठवलेला मासा वाईटच असं नाही, बिघडतो तो घाईने वितळवताना. पाण्यात टाकून तासाभरात वितळवलेल्या तुकडीतून तव्यावर पाणी सुटतं, रवा सुटून येतो आणि मांस कापसासारखं लागतं. पावसात खाडीचं, खाजनाचं (भरतीचं पाणी येणाऱ्या बांधातल्या शेतांचं) नुस्तं, म्हणजे मासे, मागावं : शेवटो, काळुंद्र, चोणक, कुर्ल्या. चोणक तर खाजनातल्या मानशीवर, बांधाच्या झडपेवर, पकडला जातो आणि पिंजऱ्यांत पाळलाही जातो, त्याला समुद्राच्या बंदीची फारशी पर्वा नाही. "आयज कसलें नुस्तें आसा?" या प्रश्नाला "सगळें आसा" असं उत्तर आलं तर सावध व्हावं. ज्या वेटरने दोनच नावं घेतली, त्याचं ऐकावं.

टेबल ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, किचन किती वाजता बंद होतं. दार अकरापर्यंत उघडं असलं तरी शेवटची ऑर्डर बरीच आधी घेतात, आणि 'गोव्याच्या वेळे'ने साडेनऊला जमणाऱ्या टोळक्याला हे फार उशिरा कळतं. दुसरी, टेबल किती मिनिटं राखून ठेवतात. बऱ्याच ठिकाणी पंधरा. सहापैकी दोघं वेळेवर पोचले तरी टेबल वाचतं, म्हणून वक्तशीर दोघांची नावं आधीच ठरवून टाकावीत. तिसरी, स्पीकर कुठे आहे. उघड्यावरचं ध्वनिवर्धक संगीत रात्री दहाला बंद करावं लागतं, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच ते आहे. त्यामुळे अंगणातलं टेबल दहानंतर बोलायला उत्तम, आणि बंद खोलीतलं त्याच सुमाराला असह्य होऊ शकतं.

सहा जणांना गोल टेबल मिळालं तर सोन्याहून पिवळं. आठ जण लांबट टेबलावर बसले की दहा मिनिटांत दोन गट पडतात, एका टोकाला जमिनीचा कूळ-मुंडकाराचा खटला आणि दुसऱ्या टोकाला मुलांचे दहावीचे टक्के. दहा असाल तर सरळ पाच-पाचची दोन टेबलं घ्या आणि गोडाच्या वेळी जागा बदला. नोव्हेंबरमध्ये इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीत ऐनवेळी टेबल मिळणं कठीण, नाताळ ते नववर्ष तर विचारूच नये. स्थानिकांचा खरा वार मंगळवार. शेफ जागेवर असतो, वेटरला बोलायला सवड असते, गाडी लावायला जागा मिळते. सोमवारी मात्र आपल्याच टोळक्यातले निम्मे शिवराक (शाकाहारी) असतात.

आता ऑर्डर. टेबलाची सगळ्यात मोठी चूक इथे होते : प्रत्येक जण आपापली डिश सांगतो. वेटर ते मशीनवर टाकतो, आत किचन ऑर्डर टिकीट छापलं जातं, ज्याला सगळे केओटी म्हणतात, आणि ते ग्रिल, तंदूर, कढई, थंड पदार्थ अशा वेगवेगळ्या जागी वाटलं जातं. तंदूरचा तुकडा आठ-दहा मिनिटांत होतो, अख्ख्या माशाला अर्धा तास लागतो, शाकुतीचा तयार रस्सा पाच मिनिटांत गरम होतो. सगळं एकदम वाढायचं म्हणून आधी झालेली ताटली किचनच्या खिडकीत दिव्याखाली ताटकळते. रवा फ्राय तिथे पाच-सात मिनिटं थांबली की स्वतःच्याच वाफेने मऊ पडते. 'गरम नव्हतं' आणि 'कुरकुरीत नव्हतं' या तक्रारींपैकी बऱ्याचशा त्या खिडकीत जन्मतात.

म्हणून सांगणारं तोंड एकच असावं आणि सगळं ताट टेबलाच्या मध्यभागी यावं. सहा जणांना साधारण असं पुरतं : सुरुवातीला तीन प्रकार, दीड किलोचा एक मासा, एक मांसाचा पदार्थ, एक भरभक्कम शिवराक पदार्थ, भाताच्या तीन प्लेटी, आठ पोळ्या. चौथा प्रकार भूक उरली तर. वेटरला स्पष्ट सांगायचं की रव्यात तळलेलं काहीही तयार झाल्या झाल्या आणा, बाकीच्यांसाठी थांबवू नका. आणि मासा पहिल्या प्रकारांबरोबरच सांगून ठेवायचा, कारण तो आत अर्धा तास घेणारच आहे.

मेनूत माशापुढे किंमत नसते, 'आकारानुसार' असं काहीतरी असतं. इथे संकोच करणारा पुढे बिल बघून घाम पुसतो. मासा टेबलावर आणून दाखवायला सांगावा, त्यात कमीपणा नाही, चांगल्या जागी ट्रेमध्ये बर्फावर ठेवून आणतातच. डोळे फुगीर आणि काचेसारखे हवेत, खोल गेलेले, दुधाळ नकोत. कल्ला उचलून बघावा, आत लाल, तपकिरी नाही. बोटाने दाबलेलं मांस वर आलं पाहिजे. वास समुद्राचा यावा, 'माशाचा' वास येत असेल तर तो जुना. मग दोनच प्रश्न : वजन किती आणि भाव किलोला की शंभर ग्रॅमला. शंभर ग्रॅमचा भाव किलोचा समजून मान डोलावलेली टेबलं कमी नाहीत. हिशेब साफ न केलेल्या वजनावर होतो, आणि डोकं, काटे, आतडी वजा जाता दीड किलोच्या माशातून साधारण सातशे ग्रॅम मांस हाती येतं. सहा जणांत माणशी सव्वाशेच्या आत. इतर पदार्थ असताना तेवढं बास.

सुंगटांचंही (कोळंबीचंही) तसंच. मेनूवर '१६/२०' असं दिसलं तर तो एका पौंडात, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅममध्ये, किती नग बसतात त्याचा आकडा. आकडा लहान तितकं सुंगट मोठं. अख्ख्या सुंगटाचं डोकं आणि साल गेल्यावर जेमतेम निम्मं वजन उरतं, म्हणून 'पाचशे ग्रॅम' ऐकून खूश होण्याआधी ते साफ करण्यापूर्वीचं की नंतरचं हे विचारून घ्यावं. तिसऱ्या-शिनाण्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा, एकच नियम : शिजल्यावर जी उघडली नाही ती बाजूला ठेवायची. महाग आहे म्हणून सुरीने उघडून खायची नाही.

मसाल्याची निवड माशाच्या जाडीवर करावी. रेशाद म्हणजे मिरची, लसूण, जिरं, मिरी, दालचिनी, लवंग माडाच्या विनागरात वाटलेला लाल मसाला. पोर्तुगीज नावाचा अर्थच 'भरलेला'. त्यात बहुधा साखर असते आणि साखर जळते. बांगडा पातळ, तो आतून शिजेपर्यंत मसाला बाहेरून फक्त काळपट लाल होतो. दीड किलोच्या तामशाला वरून रेशाद थापून जोरदार आचेवर टाकला की बाहेर कोळसा, आत कच्चा. जाड माशाला काप खोल हवेत, अगदी काट्यापर्यंत, आणि मसाला त्या कापांत भरलेला हवा. नाहीतर सरळ मीठ, लिंबू, लसूण लावून निखाऱ्यावर भाजायला सांगावं आणि रेशाद वाटीत बाजूला मागावा. खरं तर ताज्या माशाला हाच न्याय. ज्याला मसाल्याखाली झाकावं लागतं, त्या माशाबद्दल आधी शंका घ्यावी.

भाजलेला मासा टेबलावर आला की सगळे एकदम काटे-चमचे घेऊन तुटून पडतात आणि दोन मिनिटांत त्याचा चिवडा होतो. एकाने हात घालावा. माशाच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ दिसते, तिच्यावरून चमच्याच्या कडेने काट्याला टेकेपर्यंत चीर द्यायची. वरचा अर्धा भाग पाठीकडे ढकलायचा, खालचा पोटाकडे. नीट शिजला असेल तर मांस काट्यावरून आपसूक सुटतं. पाठीच्या कण्याजवळ ते अजून काचेसारखं, गुलाबी दिसत असेल तर ताटली बेधडक परत पाठवावी, पाच मिनिटांनी येईल. आता शेपूट धरून वर उचलायची, अख्खा कणा डोक्यासकट एका ओढीत निघून येतो आणि खालची बाजू जवळजवळ बिनकाट्याची मिळते. पोटाकडचे बारीक काटे चमच्याने बाजूला सारले की झालं. डोळ्याखाली, गालात, बोराएवढा मांसाचा गोळा असतो, दोन्ही बाजूंना एकेक. सगळ्यात मऊ घास तो. ज्याला ठाऊक असतं तो गप्पा मारता मारता तो आधी उचलतो.

टेबलावर एखादा शिवराक मित्र असतोच, वाराचा किंवा कायमचा. त्याच्या वाट्याला पनीर येऊ नये एवढी तरी काळजी बाकीच्यांनी घ्यावी. आळसांद्याचं टोणक, खतखतें, नीरफणसाच्या फोडी, पावसात अळमी, मुगागाठी : मेनूवर नसली तरी यातलं काहीतरी किचनमध्ये कर्मचाऱ्यांच्या जेवणासाठी शिजत असण्याची शक्यता असते, विचारायला काय जातं. फसवणारे पदार्थ वेगळेच आहेत. बल्चावच्या मसाल्यात गालमो, म्हणजे सुकी बारीक सुंगटं, असतात. वांग्याचं बल्चाव म्हणून मागवलं तरी मसाला तोच असू शकतो. थाय करीच्या वाटणात सुंगटांचा लगदा, सीझर सॅलडच्या सॉसमध्ये अँकोव्ही मासा, पॅना कोटात जिलेटिन. आणि फोडी कुठल्या तेलात तळल्या ते विचारावंच, कारण रव्याच्या इसवणीचं तेल फोडींनाही चालतं असं किचनला मनापासून वाटत असतं.

भाताबद्दल एक आग्रह. उकडे तांदूळ मागा. बासमतीच्या सडपातळ दाण्यावरून कडी घसरून ताटाच्या कडेला जाते, उकडा दाणा ती धरून ठेवतो. सोलकढी मात्र हल्ली काचेच्या बोटभर पेल्यात देतात, वर कोथिंबिरीचं एक पान. नारळाचा पहिला दाट रस, आगळ (कोकमाचा अर्क), लसूण, मिरची, एवढ्यावर निभावणारी ही गोष्ट नुसती गरम झाली तरी फुटते. वर पाणी आणि खाली साका असे थर दिसले तर ती सकाळची, ढवळून घेतली की चव फार बिघडलेली नसते. भडक राणी रंग दिसला तर आगळाखेरीज आणखी काही पडलंय असं धरून चालावं.

प्यायच्या बाबतीत सोलांचा आंबटपणा हाच पंच. तुरट, जड रेड वाईन आणि आंबट मासा तोंडात एकत्र आले की धातू चाटल्यासारखं लागतं. व्हाईट घ्यावी. रेडच हवी असेल तर लक्षात ठेवावं की 'खोलीच्या तापमानाला' हा सल्ला थंड मुलखातला, तिथे खोली १६ ते १८ अंशांची असते. मे महिन्यातल्या पणजीच्या फोंतेन्हाशीतली खोली नव्हे. बाटली दहा-पंधरा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगण्यात काही अडाणीपणा नाही. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच ग्लास होतात, सहाव्याची आशा धरू नये. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून ती चांगल्या बारच्या मधल्या फळीवर आली. तिचा वास ज्यांना सोसत नाही त्यांनी लिंबू, मीठ, सोडा आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून बघावी. हुर्राक ही काजूचीच दारू, पण पहिल्या धारेची, काजूच्या हंगामातली, मार्च ते मे. ऑक्टोबरात कुणी आग्रहाने देऊ केली तर ती बाटलीत सहा महिने काढून आलीय.

गोडात बिबिंका, एक प्लेट तिघांत. नारळाचं दूध, अंड्यातला पिवळा बलक, साखर, पीठ, तूप, जायफळ. एक थर वरच्या आचेवर भाजून झाला की त्याला तूप लावून पुढचा ओततात, सात थर तरी हवेत. फ्रिजमधून काढून थेट आणली तर तूप गोठलेलं असतं आणि ती रबरासारखी लागते. "थोडी गरम करून" हे शब्द विसरू नयेत.

बिल आलं की आधी ते वाचावं. साध्या रेस्टॉरंटात खाण्यावर पाच टक्के जीएसटी. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं रात्रीला ७,५०० रुपयांवर जातं, तिथल्या रेस्टॉरंटात अठरा. दारू जीएसटीबाहेर, तिच्या रकमेवर तो लावलेला दिसला तर विचारावं. सेवाशुल्क आपोआप बिलात घालू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. तरी दहा टक्क्यांची ओळ दिसली तर शांतपणे काढायला सांगावी आणि तेवढेच पैसे वेटरच्या हातात रोख द्यावेत. बाटलीबंद पाण्याला छापील किमतीहून जास्त लावायला हॉटेलांना डिसेंबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मुभा आहे, तिथे भांडू नये, बसल्या बसल्या साधं पाणी मागावं.

वाटणीत मैत्री पणाला लागते ती अशी. सहा जण, खाणं ७,२०० रुपये, त्यावर जीएसटी ३६०. दारू ३,६०० रुपयांची, प्यायले चौघंच. एकूण ११,१६०, समान भागले तर प्रत्येकी १,८६०. नीट मांडलं तर खाण्याचे प्रत्येकी १,२६० आणि पिणाऱ्यांचे आणखी ९००. म्हणजे समान वाटणीत न पिणारे दोघं प्रत्येकी ६०० रुपये जास्त भरतात, आणि संकोचापायी बोलत नाहीत. पुढच्या वेळी ते 'घरी पाहुणे आलेत' म्हणतात. दारूचं बिल सुरुवातीलाच वेगळं करायला सांगितलं की हा प्रश्नच उरत नाही. एकाने सगळं भरावं, बाकीच्यांनी टेबलावरून उठायच्या आत यूपीआय करावं. 'उद्या टाकतो' हा उद्या सहसा पुढच्या चतुर्थीला येतो.

परतीचं मात्र जेवायला निघण्यापूर्वी ठरवावं. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा, आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रसंगी दोन्ही. ओला-उबरची सवय घेऊन आलेल्या मित्राला सांगून ठेवावं की इथे गोवामाइल्स हे टॅक्सीचं ॲप किंवा ओळखीचा टॅक्सीवाला. आसगाव-शिवोलीच्या आतल्या रस्त्यांवर रात्री अकराला दोन्ही चटकन मिळतीलच असं नाही. टॅक्सीवाल्याचा नंबर वेटरकडे असतो, बिल मागतानाच त्याला फोन करायला लावावा.

आणि चोणक मागवला असेल तर आणखी एक. अख्खा भाजून घेण्याऐवजी मधला भाग निखाऱ्यावर आणि शेपटीकडचा रव्यात असं सांगितलं, तर डोकं उरतं. ते शिजवू नका, कच्चंच बाजूला ठेवा, असं ऑर्डर देतानाच सांगावं. नंतर आठवण झाली तर ते रश्शाच्या भांड्यात गेलेलं असतं. पैसे अख्ख्या वजनाचे मोजलेत, तेव्हा ते आपलंच आहे. निघताना दुहेरी पिशवीत, भोवती बर्फ घालून बांधून घ्यावं, टॅक्सीत पायाशी ठेवावं, घरी पोचल्या पोचल्या फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात. सकाळी कल्ले काढून, मीठ-हळद लावून पंधरा मिनिटं. नारळ मात्र आदल्या दिवशीच आणून ठेवलेला बरा, रविवारी गाडा उशिरा येतो.